झाडूगाडी आणि अजमानची फेरी

फ्रान्सला मी कधी गेलो नाही आणि आता जायचं वयही राहिलं नाही. पण तिथल्या त्या मोठ्या सायकल शर्यतीचा इतिहास मला विचारा, जेवणाचं ताट पुढ्यात ठेवून तास दोन तास ऐकवीन. माझा नातू फोनमध्ये बघून माझ्या चुका काढतो. "दादा, दॅट्स नॉट व्हॉट इट सेज हिअर," म्हणतो. मी त्याला सांगतो, तुझ्या फोनला हा इतिहास कुणीतरी टाइप करून दिलाय. मला तो एका फ्रेंच माणसाने हातवारे करून सांगितलाय, दुबईच्या बर दुबई भागात, माझ्या दुकानाच्या बाकावर बसून. थोडा फरक पडणारच.

साठचं दशक सरत आलं होतं. अमिराती हे नाव अजून कुणी घेत नव्हतं. मी रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून आलेला, चोवीस वर्षांचा, अंगाने किडकिडीत आणि डोक्याने गरम. दुबईच्या खाडीला दोन काठ, अलीकडे बर दुबई आणि पलीकडे देरा. बर दुबईत कापडबाजाराच्या मागच्या गल्लीत माझं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, वर एक पत्रा, खाली पंप, पाण्याची परात, हत्यारांची पेटी आणि गिऱ्हाइकाला बसायला बाक. अब्रातून, म्हणजे छोट्या होडीतून, खाडी ओलांडून देराहूनही लोक सायकली घेऊन यायचे, याचा मला भारी अभिमान होता.

हा अभिमान मामूंना मात्र सोसत नव्हता. मामू म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. मला इथे आणलं त्यांनीच. एका कंपनीच्या गोदामात ते स्टोअरकीपर होते. आम्ही आठ जण एका खोलीत राहायचो, सगळे आमच्याच बंदराकडचे, आणि खोलीचा सगळा कारभार मामूंच्या हातात. कुणी कधी घरी पत्र लिहायचं, कुणी केस कापायचे, कुणाच्या खोकल्याला काढा द्यायचा, सगळं तेच ठरवणार. माझ्याबद्दल त्यांनी ठरवून टाकलं होतं की हा कंपनीत क्लार्क होणार.

त्यामागे कारण होतं. आमच्या आजोळचं काम शिडं शिवण्याचं. नाना, म्हणजे मामूंचे वडील, साऱ्या बंदराची शिडं शिवायचे. मामूंनीही ऐन उमेदीची वीस वर्षं तेच केलं. मग गलबतांना इंजिनं बसली, शिडं गुंडाळून माळ्यावर गेली आणि मामू लाँचमध्ये बसून दुबईला आले. तेव्हापासून हाताच्या कामाचं नाव काढलं की ते तळहात पुढे करून दाखवायचे. "हे घट्टे बघ. हेच मिळालं मला. पंख्याखाली बसायचं काम धर बेटा, फाइल उघडायची, फाइल बंद करायची." आमच्यात मामूंसमोर तोंड वर करून बोलायची पद्धत नाही. त्यामुळे मी नुसता 'इन्शाल्ला' म्हणायचो आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडायचो.

तो फ्रेंच माणूस असाच एका दुपारी सायकल ढकलत आला. समुद्रात तेल शोधणाऱ्या जहाजावर तो इंजिनियर होता; दोन आठवडे पाण्यावर, दोन आठवडे जमिनीवर. पन्नाशीचा, टकला, एका गुडघ्याने जरा लंगडणारा. तरुणपणी फ्रान्समध्ये गावोगावच्या छोट्या शर्यतींत सायकल पळवलेली आणि त्या मोठ्या शर्यतीचं जन्मभराचं वेड. त्याची सायकल मी एका हाताने उचलली तर ती हाताबरोबर वरच आली, इतकी हलकी. टायर अंगठ्याएवढं बारीक. आपल्या सायकलीत ट्यूब वेगळी आणि टायर वेगळा असतो. हिच्यात ट्यूब टायरच्या आत घालून टायर पोटाकडून शिवून टाकलेला, आणि ती सगळी नळी रिंगला गोंदाने चिकटवलेली. पंक्चर काढायचं तर शिवण उसवायची, ठिगळ लावायचं आणि पुन्हा शिवायचं.

शिवायचं म्हटल्यावर मी काय सोडतो! माझ्या पेटीत नानांची तीन कडांची जाड सुई होती, मेण होतं, सुई रेटायला तळहातावर बांधायचा चामड्याचा पट्टा होता. लहानपणी नानांच्या शेजारी बसून मी मैलभर तरी टाके घातले असतील. मी टायर उसवला, ठिगळ लावलं आणि शिडाला घालतात तशी शिवण घातली, काठावर काठ चढवून, दुमडून, दुहेरी. वादळ आलं तरी उसवणार नाही अशी. वर फ्रेंच साहेबाला सांगितलं, "फुल गॅरंटी."

दहा मिनिटांत स्वारी परत. चेहरा लाल. "मिस्टर, धिस नॉट बायसिकल. धिस कॅमल!" त्याने मला सायकलवर बसवलं आणि गल्लीतून एक चक्कर मारायला लावली. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला माझं बूड उचललं जात होतं. शिडाला जी शिवण मजबुती देते तिने टायरच्या पोटात उंचवटा केला होता. मी ओशाळलो. तो मात्र खो खो हसत सुटला, बाकावर बसला आणि त्याने मला दाखवलं की इथे काठाला काठ नुसता भिडवायचा, चढवायचा नाही. मी सगळं उसवून पुन्हा शिवलं. त्याने शिवण ओढून बघितली, मग माझी बोटं बघितली, आणि त्या दिवसापासून तो मला 'प्रोफेसर' म्हणायला लागला.

मग तो किनाऱ्यावर असला की रोज संध्याकाळी येऊन बसायचा आणि शर्यतीचा इतिहास सांगायचा. त्याचं इंग्रजी मोडकं, आमचं त्याहून मोडकं, मध्ये हिंदी आणि अरबी पेरलेली. पण आमचं काहीही अडलं नाही. खोलीतले सगळे जमायला लागले. ही शर्यत म्हणे एका वर्तमानपत्राने खप वाढवायला काढली. पहिल्या वर्षी साठ जण निघाले आणि वीस-एकवीस पोचले. दुसऱ्या वर्षी काही पठ्ठे चक्क आगगाडीत बसून पुढे गेले आणि पकडले गेले. हे ऐकून आमच्या खोलीचा आचारी इतका खूश झाला की त्याला ती शर्यत एकदम आपलीशी वाटू लागली. वर्तमानपत्राचा कागद पिवळा, म्हणून पुढे असलेल्याला पिवळा सदरा. आणि सगळ्यात शेवटी असलेल्याचंही कौतुक, त्याला 'लाल कंदील' म्हणायचं, आगगाडीच्या शेवटच्या डब्याला असतो तसा.

जुन्या काळी नियम फार कडक होते. मोडलं तर ज्याचं त्याने जोडायचं, दुसऱ्याचा हात लागता कामा नये. एकाच्या सायकलचा पुढचं चाक धरणारा चिमटा डोंगरात मोडला. तो सायकल खांद्यावर टाकून कित्येक मैल चालत खाली आला, एका लोहाराच्या भट्टीवर बसून स्वतःच्या हाताने त्याने तो जोडला. आणि तरी त्याला दंड झाला, कारण भाता दुसऱ्याने मारला होता! आम्ही सगळे त्या पंचांच्या नावाने बोटं मोडू लागलो. फ्रेंच साहेब छातीवर हात ठेवून म्हणाला, "रूल इज रूल."

मामू सुरुवातीला लांब उभे राहायचे. मग बाकाच्या टोकाला बसायला लागले, हातात घरचं पत्र धरून, म्हणजे आपण ऐकत नाही असं दिसावं. एकदा साहेबाने झाडूगाडीची गोष्ट काढली. शर्यतीच्या मागून एक गाडी येते, तिच्यावर झाडू बांधलेला असतो, जो दमला, ज्याने हार मानली त्याला ती उचलून घेते. मामूंनी पत्र खाली ठेवलं.

"त्या गाडीत खायला काय असतं?"

"खायला? काही नाही. झाडू असतो."

"पाणी? सरबत?"

साहेबाने खांदे उडवले. मामू त्या दिवशी घरी येईपर्यंत धुमसत होते. दमलेल्या माणसाला गाडीत घ्यायचं आणि साधं पाणीही विचारायचं नाही, ही कसली माणसं म्हणायची, असं त्यांनी आम्हाला निदान चार वेळा विचारलं.

थंडी पडली तेव्हा आमच्या खोलीने ठरवलं की आपणही फेरी काढायची. बर दुबईहून पुलावरून देरा, तिथून नव्या डांबरी रस्त्याने शारजा आणि पुढे वाळूतून अजमान. शुक्रवारी पहाटे फज्रची नमाज झाली की निघायचं आणि दुपारी जुम्म्याच्या नमाजेला अजमानच्या मशिदीत हजर व्हायचं. सात सायकली. फ्रेंच साहेब पंच. गुडघ्यामुळे त्याला सायकल पळवता येणार नव्हती, म्हणून त्याने स्वतःची सायकल मला दिली, माझ्या हातच्या शिवणीसकट.

नेमकं त्याच आठवड्यात मामूंनी सांगितलं की क्लार्कची जागा आता थांबणार नाही, शनिवारी सकाळी सात वाजता हजर व्हायचं. ते दुकानात येऊन सांगत होते आणि साहेब समोर बसलेला. माझं डोकं फिरलं. आयुष्यात पहिल्यांदा मी मामूंना म्हणालो, "मामू, मला नाही जायचं. मला हेच काम येतं आणि हेच आवडतं."

मामूंनी माझ्याकडे बघितलं, मग त्या बारीक टायरकडे. म्हणाले, "ठीक. तुझ्या शिवणीवर एवढा भरवसा आहे ना? मग शुक्रवारी अजमानला पोच. पोचलास तर मी पुन्हा शब्द काढणार नाही. गाडीत बसलास तर शनिवारी सात वाजता ऑफिस. खलास. आणि गाडी मी चालवणार."

झाडूगाडी म्हणून मामूंनी एक पिकअप उसनी आणली. पुढे झाडू बांधला, साहेबाच्या समाधानासाठी. मागे काय होतं ते आम्हाला निघताना कळलं. गोश्त-भाताची मोठी डेगची, बर्फ घातलेल्या लिंबू सरबताची बादली, संत्री, खजूर आणि टेकायला दोन गाद्या. ही झाडूगाडी नव्हती, हे लग्नघर होतं.

डांबरी रस्त्यावर मी वाऱ्यासारखा पुढे. बाकीचे त्यांच्या जड काळ्या सायकली रेटत मला शिव्या घालत होते. पण मागे काय चाललंय ते मला ऐकू येत होतं. मामू एकेकाच्या बाजूला गाडी आणायचे, काच खाली करायचे आणि काळजीने बघायचे. "अरे, चेहरा बघ तुझा. तुझ्या आईला मी काय उत्तर देऊ? ये, दोन घोट सरबत पी, मग जा." जो चढायचा तो गादीवर टेकायचा आणि मग कोण उतरतोय! आचारी तर देरा संपायच्या आत चढला. साहेब पुढच्या सीटवर बसून केस नसलेलं डोकं धरत होता.

"मिस्टर, नो! ही इज नॉट टायर्ड!"

"ही इज हंग्री," मामू म्हणायचे आणि गाडी पुढच्या माणसाकडे घ्यायचे.

शारजापर्यंत चार जण गाडीत होते. डांबर संपलं तिथे मामूंनी विसाव्याला गाडी उभी केली आणि डेगचीचं झाकण उघडलं. तो वास वाऱ्यावर आला आणि उरलेले दोघेही गेले. सायकली मागे लटकवून ते जेवायला बसले. साहेबाने जाहीर केलं की शर्यतीच्या एवढ्या मोठ्या इतिहासात झाडूगाडीने अख्खी शर्यत खाऊन टाकल्याचं आजवर कुठे घडलेलं नाही.

उरलो मी एकटा. आता वाळू लागली आणि बारीक टायर रुतायला लागला. मी उतरून सायकल ढकलत होतो, आणि शेजारून ती गाडी चालीच्या वेगाने, सहा जण मागे बसून बोटं चाटत मला उत्तेजन देतायत. मामू काच खाली करून प्रेमाने सांगत होते, "गोश्त अगदी नरम झालंय बेटा. नानांच्या हातचं आठवतं." खोटं कशाला बोलू, माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं. एकदा तर पाय थांबलेही. शनिवारचा पंखा, शनिवारची फाइल डोळ्यांपुढे आली आणि मी 'यल्ला', चल पुढे, म्हणून स्वतःलाच हाकललं. समुद्राकडे वळलो. ओहोटी होती, ओली वाळू घट्ट होती. तिच्यावर सायकल पुन्हा पळायला लागली आणि मी मोठमोठ्याने गायला लागलो. गाडीतल्या लोकांनीही सूर धरला.

अजमानची घरं दिसायला लागली आणि एका फुटक्या शिंपल्याने टायर कापला. हवा फुस्स करून गेली.

सायकल आडवी केली आणि तिथेच बसलो. सगळे गाडीतून उतरून भोवती उभे राहिले. कमरेच्या पिशवीत सुई, मेण, गोंद, छोटा पंप सगळं होतं. मी पट्टा हाताला बांधला, टायर रिंगवरून सोडवला, शिवण उसवली, ट्यूब बाहेर काढली, ठिगळ लावलं. ऊन चांगलंच चढलं होतं. आसपास झाड नाही, भिंत नाही, काहीच नाही. घाम डोळ्यांत उतरत होता, सुई बोटांतून निसटत होती, मेण वितळून दोऱ्यावरून ओघळत होतं. जुम्म्याची वेळ जवळ येत होती. पहिले चार टाके मी घातले आणि चारही वाकडे पडले.

मामू हात पाठीमागे बांधून बघत होते. त्यांची बोटं शिवशिवत होती, ते मला खालूनही दिसत होतं. शेवटी न राहवून ते म्हणाले, "दोरा आखूड घे, लांब दोरा..."

साहेबाने बोट वर केलं. "नो हेल्प!"

मी मान खाली घालून वाकडे टाके उसवायला लागलो. आणि एकाएकी टायरवरचं ऊन गेलं. मला वाटलं ढग आला. वर बघितलं तर मामू माझ्या आणि सूर्याच्या मध्ये येऊन उभे होते. माझ्याकडे बघतही नव्हते. तोंड समुद्राकडे, जणू होड्या बघायलाच आले आहेत. त्यांची सावली बरोबर माझ्या हातांवर पडली होती.

सगळ्यांनी साहेबाकडे बघितलं. भाता मारल्याचा दंड आम्हा प्रत्येकाला पाठ होता. साहेबाने टोपी काढली, डोकं पुसलं, टोपी घातली. मग आमच्याकडे पाठ केली आणि तोही होड्या बघायला लागला.

सावलीत दोरा घट्ट बसायला लागला. काठाला काठ, टाक्याशेजारी टाका. ऊन सरकलं तसे मामू न बोलता एक पाऊल सरकले. पुन्हा थोड्या वेळाने आणखी एक. पंचावन्न वर्षांचा माणूस, उघड्या वाळूवर, अर्धा तास तरी तसाच उभा. मला एवढं प्रेम दाटून आलं की डोळ्यांतलं पाणी घामाचं की कशाचं ते कळेना. शेवटची गाठ मारून मी टायर रिंगवर चढवला, हवा भरली, उठलो. मामू लगेच बाजूला झाले आणि रागावल्यासारखे म्हणाले, "झालं का एकदाचं? नमाज चुकवतोस काय?"

चाक एकदाही उचललं गेलं नाही. जाळी ओढणारे अजमानचे कोळी उभे राहून बघायला लागले; पुढे एक सायकल आणि मागे हॉर्न वाजवत, आरडाओरडा करत, झाडू बांधलेली गाडी. मशिदीपाशी मी उतरलो तेव्हा अजान व्हायची होती. साहेबाने निकाल दिला. पहिला नंबर मी आणि सगळ्यात शेवटचा लाल कंदीलही मीच, कारण दुसरं कुणी पोचलंच नव्हतं. त्या सहा जणांनी मला खांद्यावर घेतलं, ज्यांनी निम्मी डेगची संपवली होती त्यांनीच.

नमाज झाली. माझ्यासाठी काढून ठेवलेलं ताट घेऊन मी भिंतीच्या कडेला जेवायला बसलो. मामू सायकलपाशी गेले. त्यांनी चाक उचलून टायर रिंगवरून थोडा सोडवला आणि शिवणीवरून अंगठा फिरवत गेले, सावकाश, डोळे मिटून. माझा घास तोंडातच राहिला. एका जागी अंगठा थांबला.

"इथला टाका ढिला आहे," ते म्हणाले.

"घाई झाली मामू."

"घाई झाली म्हणे." ते माझ्याजवळ येऊन बसले. बराच वेळ आपल्या तळहातांकडे बघत होते. मग म्हणाले, "उद्या सात वाजता मी ऑफिसच्या साहेबांना सांगतो, माझा भाचा येणार नाही. आणि पाच वाजता मी सुटतो. तिथून दुकानात येईन. माझ्यासाठी एक सुई ठेव, आणि पट्टा जरा मोठा, माझा हात रुंद आहे."